डाव्या हेडचा आकडा

६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. मी भुंग्या, तुझ्या दादाचा मुलगा. आमच्या घरचा फोन तू उचलत नाहीस. मी मित्राच्या फोनवरून केला, तर आवाज ओळखून ठेवून दिलास. म्हणून पत्र लिहितोय. पत्र ठेवून देता येत नाही, फार तर फाडता येतं.

मुद्द्यावर येतो. मला काम मिळालंय. लहान दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून मोठ्या लॅबला पोचवायचे. अट एकच, गाडी स्वतःची हवी आणि एक एप्रिलला दारात उभी हवी. नवी घेण्याची ऐपत नाही. शेडमध्ये बाबांची जुनी गाडी नऊ वर्षं धूळ खात पडलीय. तू बाबांचं वर्कशॉप सोडून गेलीस, त्यानंतर काही महिन्यांत ती तापून बंद पडली आणि बाबांनी परत बॉनेट उघडलंच नाही.

मी उघडलं. सहा सिलिंडरचं इंजिन, तीन इकडे तीन तिकडे, त्यामुळे वरची झाकणं म्हणजे हेडं दोन. उजवं बरं दिसतंय. डाव्याला चीर गेलीय. खालचा ब्लॉक ठणठणीत आहे. म्हणजे सगळं अडलंय ते हेडांपाशी, आणि माझ्यापुढे तीन रस्ते आहेत.

एक, डावं वेल्डिंग करून घ्यायचं. दोन, भंगारवाल्याकडे याच इंजिनाची जुनी जोडी आहे, "एका गाडीची आहेत, आईची शपथ" असं तो म्हणतो. तीन, बाजारात नवी कोरी नक्कल मिळते, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण चकचकीत आहे आणि व्हॉल्व्ह, स्प्रिंग सगळं बसवून देतात. किंमत इतकी कमी की भीती वाटते. शिवाय माझ्या मनात एक चौथं आहे: फक्त डावं नवं घ्यावं आणि उजवं आपलं जुनंच ठेवावं.

यातलं काय करू? बाबांना विचारलं तर "मला त्यातलं काही विचारू नकोस" म्हणून उठून जातात. हेड मोजण्यात तुझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी लहानपणापासून ऐकलंय. कुणाकडून ऐकलं ते लिहीत नाही, तुला राग येईल.

तुझा,
भुंग्या

१३ फेब्रुवारी

चि. भुंग्या,

पत्र फाडलं नाही. अर्धं फाडलं होतं, मग चिकटपट्टी लावून वाचलं.

तू एवढासा होतास तेव्हा तोंडाने इंजिनाचा आवाज काढत वर्कशॉपभर फिरायचास, म्हणून तुझं नाव भुंग्या पडलं. आता स्वतःची दाढी करत असशील. काम मिळालं ते ऐकून बरं वाटलं. मी पडद्यांच्या दुकानात असते. गिऱ्हाइकापुढे कापडाचे तागे उलगडायचे आणि "तुमच्या भिंतीला हाच रंग" असं म्हणायचं. सुखाची नोकरी आहे. अंगाला तेलाचा वास येत नाही.

आता ऐक. तुझा चौथा रस्ता म्हणजे शुद्ध वेडेपणा. एक जुनं आणि एक नवं म्हणजे एका पायात चप्पल नि दुसऱ्या पायात बूट. गाडी चालेल, पण लंगडत. दोन्ही बाजूंना दाब सारखा पडला पाहिजे, म्हणून हेडं जोडीचीच हवीत.

वेल्डिंग सोडून दे. दोन व्हॉल्व्हच्या मधे गेलेली चीर भरतात, रंगवतात, नि महिन्याभरात तिथेच उघडते. दवाखान्याच्या वाटेवर लोकांचं रक्त घेऊन उन्हात उभा राहशील.

राहिल्या दोन जोड्या. दोन्ही घरी आण. भंगारवाला आणि दुकानदार दोघांना सांग, पसंत पडली नाहीत तर परत देईन. नाही म्हणाले तर तिथूनच मागे फीर. मग जुनी जोडी रॉकेलमध्ये बुडवून ठेव, काढून कोरडी पूस आणि वर खडूची पूड चोळ. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. आईच्या शपथेपेक्षा ही परीक्षा खरी.

नव्या जोडीचं चकचकीतपण बघू नकोस. व्हॉल्व्ह काढ नि पुन्हा त्याच्या नळीत घाल. बोटाने हलव. डुगडुगला तर नळी सैल आहे. पाण्याच्या वाटांत तार घालून बघ, स्वस्त ओतकामात वाळू राहून जाते. सपाटीला सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी लावून बघ. आणि शेवटचं: प्रत्येक सिलिंडरवर हेडात एक वाटी असते, तिच्यात किती मावतं ते मोज. वर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ग्रीस लावून चिकटव, त्याला भोक पाड आणि सिरिंजने पातळ तेल सोड. सिरिंजला तुझ्याकडे काय तोटा. सहाही वाट्यांत सारखंच मावलं पाहिजे.

एवढं करून कळव. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. काय बघायचं ते मी सांगेन, पण किती घासायचं, किती ठेवायचं असला आकडा माझ्याकडे मागू नकोस. आकडे सांगणं मी सोडलं आहे. त्यासाठी तुझा बाप आहे. तो उठून गेला तर त्याच्या मागे जा.

वहिनीची गुडघेदुखी कशी आहे?

तुझी,
आत्या

२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आईचे गुडघे जिना चढताना दुखतात, भांडताना दुखत नाहीत. तिने तुला दोनदा आठवण सांगितलीय, दोनदा म्हणजे एकाच वाक्यात दोनदा.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. भंगारवाल्याची जोडी रॉकेलच्या पिंपातून काढली, पुसली, खडू चोळला. उजवं कोरं राहिलं. डाव्यावर तिसऱ्या सिलिंडरपाशी केसाएवढी ओली रेघ आली. भंगारवाल्याला दाखवली तर म्हणतो, "घाम आला असेल." परत दिली.

नवी जोडी. चीर नाही. दोन्हीची सपाटी चांगली, फट मोजायच्या फिलर गेजची सर्वांत पातळ पत्तीही पट्टीखाली शिरत नाही. पाण्याच्या वाटांतून चमचाभर वाळू निघाली. व्हॉल्व्ह मात्र बाराच्या बारा डुगडुगतात. स्प्रिंगांच्या उंचीतही फरक आहे. आपल्या जुन्या हेडांतले व्हॉल्व्ह काढून बघितले, त्यांच्या दांड्या अजून एकसारख्या आहेत, झीज बाराही ठिकाणी मायक्रोमीटरवर शून्य पूर्णांक शून्य एक मिलिमीटरच्या आत.

वाट्यांत मावतं ते असं: उजव्यात बावन्न मिलिलिटर, बावन्न, बावन्न पूर्णांक एक. डाव्यात चोपन्न, चोपन्न पूर्णांक एक, चोपन्न. प्रत्येक वाटी तीनदा भरून बघितली, कारण पहिल्या वेळी प्लॅस्टिकखाली बुडबुडा अडकायचा. बुडबुडा घालवायला हेड भोकाच्या बाजूने किंचित उचलून धरायचं असतं.

म्हणजे नवी जोडीसुद्धा जोडी नाहीच. हीपण परत देऊ का? दिवस कमी राहिलेत. की डावं घासून, त्याच्या वाट्या उथळ करून उजव्याच्या बरोबरीला आणता येईल? आणि येत असेल, तर किती घासू? तू आकडा देणार नाहीस म्हणालीस, तरी विचारतोय. बाबांच्या मागे गेलो होतो. ते म्हणाले, "आकडा तिचाच."

तुझा,
भुंग्या

२७ फेब्रुवारी

चि. भुंग्या,

बुडबुडा घालवायला हेड भोकाच्या बाजूने उचलायचं, हे तुला कुणी शिकवलं? मी तर लिहिलं नव्हतं. आणि शून्य पूर्णांक शून्य एक वाचणारा मायक्रोमीटर घरात एकच आहे, तो तुझ्या बापाच्या कपाटात कुलुपात असतो. तू मोजलंस म्हणे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?

म्हणजे मोजतोय तो, आणि विचारतोयस तू. मला याचा अर्थ कळतो. माझी परीक्षा चालली आहे. नऊ वर्षांनी बहिणीला गणित घालून बघायचं, येतंय का अजून, की तेव्हासारखं चुकतंय. सांग त्याला, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मला माहीत आहे, त्याचं नि माझं दोघांचं.

तुला मात्र उपाशी ठेवत नाही. ही जोडी परत देऊ नकोस. भांडं चांगलं आहे, आतलं सामान टाकाऊ आहे. दुकानदाराला व्हॉल्व्ह, स्प्रिंगा परत दे आणि नुसती ओतीव हेडं घे, आणखी स्वस्त पडतील. सैल नळ्या काढून नव्या ठोकून घे, आपले जुने व्हॉल्व्ह त्यात घासून बसव. स्प्रिंगासुद्धा आपल्याच टाक. वाळू नीट धू. आणि हो, डावं घासून बरोबरीला आणता येईल.

किती ते मी सांगणार नाही. का, ते तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू मला नुसती तुसडी म्हातारी समजशील.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. हेडं धुऊन आली की मी मोजायची आणि प्रत्येकाच्या कडेवर खडूने आकडा घालायची, किती दशांश मिलिमीटर घासायचं तो. तुझा बाप पुन्हा मोजायचा नाही. माझा खडू बघायचा नि मशिन लावायचा. चौदा वर्षं असं चाललं. लोक म्हणायचे, एवढा विश्वास नवरा-बायकोत नसतो.

मग एका कापडवाल्याच्या गाडीची जोडी आली. एकाला दोन घासायचं होतं, दुसऱ्याला पाच. उलटं झालं. दोनवाल्याचे पाच निघाले, हेड पातळ झालं, आणि भर रस्त्यात त्याच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह पिस्टनला धडकला. गाडीत त्याची पोरं होती. कुणाला काही झालं नाही, पण तो वर्कशॉपात येऊन ओरडत होता तेव्हा मी हेडं उचलून बघितली. कडेवरचा खडू पुसट झाला होता, पण वाचता येत होता. माझाच दोन, माझाच पाच, उलट्या जागी. तुझा बाप त्या माणसाला म्हणाला, "मोजमाप माझी बहीण बघते." एवढंच म्हणाला. मी ॲप्रन काढला नि घरी आले.

त्या वाक्याचा राग माझ्या मनात अजून आहे. गिऱ्हाइकासमोर आपलं माणूस असं उघडं पाडत नाहीत. पण चूक माझी होती, भुंग्या. हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. आकडे घालताना माझं लक्ष कुठे होतं, मला आजही आठवत नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं, तेवढी जागा दुरुस्त करता आली असती. आठवत नाही म्हणून माझ्या कुठल्याच आकड्यावर माझा भरवसा उरला नाही. तू पुढे त्या गाडीत बसणार आहेस. माझ्या आकड्यावर मी तुला बसवणार नाही.

तुझी,
आत्या

८ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी नळ्या ठोकून आणायला गेलो होतो. बाबांनी ते उघडलं. आपलं नव्हे ते पत्र त्यांनी आयुष्यात कधी उघडलं नसेल, पण हे उघडलं. मी आलो तर शेडमध्ये उलट्या बादलीवर बसले होते आणि पत्र हातात होतं. मी म्हटलं, परीक्षा घेत नव्हता ना तुम्ही तिची? त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. जेवायलाही उठले नाहीत. आई म्हणते, बरं झालं, एकदाचं तुंबलेलं वाहू दे.

खरं सांगायचं तर मोजायला ते आपणहून आले होते. तुझं पहिलं पत्र मी मोठ्याने आईला वाचून दाखवत होतो, ते दाराआड उभे होते. दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटर पुसून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तिला माझं नाव कळवू नकोस, उत्तर यायचं बंद होईल." मी लपवलं, चुकलो.

सोबत त्यांचं पत्र आहे. चार वेळा लिहून फाडलं, हे पाचवं. मी वाचलेलं नाही.

तुझा,
भुंग्या

७ मार्च

बारके,

तू हे वाचतेस की नाही, ठाऊक नाही. वाच. एकदाच वाच आणि मग काय करायचं ते कर.

कापडवाल्याच्या हेडांवर तू आकडे बरोबर घातले होतेस.

त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, बाहेरच्या पाटीवर माझंही नाव लाव. मी हसलो. म्हणालो, हेड मोजणाऱ्याचं नाव पाटीवर लावायचं तर झाडू मारणाऱ्याचंही लावू. तू माझ्याशी बोलायची थांबलीस. दुपारी तू आकडे घालून मागच्या खोलीत डबा खायला गेलीस. मी हेडं मशिनकडे नेताना रॉकेलने भिजलेली फडकी खांद्यावर होती, ती दोन्हीच्या कडांवर घसरली. खडू पुसला गेला.

उठून दहा पावलं यायचं होतं. "बारके, काय होतं गं?" एवढं विचारायचं होतं. सकाळचा अडून बसलेला मी, मला ते जमलं नाही. वाटलं, बघितलेत आपण आकडे, आठवतायत. खडू घेतला आणि मीच घातले, एकावर दोन, एकावर पाच.

आपल्या दोघांना आकडे काढायला वडिलांनी एकाच पाटीवर शिकवलं. माझा दोन आणि तुझा दोन आईलासुद्धा वेगळे सांगता आले नसते. तो माणूस ओरडत होता, तू हेडं हातात घेतलीस, आणि खडू बघून तुझा चेहरा उतरला. तेव्हाच मला कळलं की तू तो तुझा समजलीस. मला सांगता आलं असतं. त्याऐवजी मी ते वाक्य बोललो. तू गेल्यावर रोज वाटायचं, उद्या सांगू. मग आठवडा झाला, मग सांगायची लाज वाटू लागली, आणि मग मी स्वतःला पटवलं की तू रागावून गेलीस, चुकीमुळे नव्हे, नि राग काय, आज ना उद्या जाईल.

पोराने तुझं पहिलं पत्र वाचेपर्यंत तू मोजणं सोडलंस हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मला वाटायचं, दुसऱ्या कुठल्या तरी वर्कशॉपात असशील, माझ्यापेक्षा बऱ्या माणसांत. का सोडलंस ते पोराला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात वाचलं तेव्हा कळलं की मी तुझं काय घेतलं.

तू गेल्यावर मी एकेक हेड पाच-पाच वेळा मोजायचो, तरी मशिन लावताना हात थांबायचा. वर्षाच्या आत शटर ओढलं. लोकांना सांगितलं, धंदा मंदावला.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. तुझा हात चुकला नव्हता. कधीच चुकला नाही.

दादा

१९ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं त्याला आठवडा झाला. पहिले दोन दिवस मी तुला शिव्या दिल्या. इथे कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून मोकळ्या दिल्या. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण नऊ वर्षं गप्प बसलेला चोर पहिल्यांदा बघितला. दहा पावलं होती म्हणतोस. आठ होती. मी मोजलेली आहेत.

तुला माफ केलं का, ते मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा तोंडावर सांगेन, पत्राने नाही. भुंग्याला म्हणावं, तुझ्या गाडीचं काम आमच्या भांडणासाठी अडवून ठेवणार नाही. पंचवीसच्या सकाळच्या गाडीने येते. तोवर नळ्या बसवून, व्हॉल्व्ह घासून ठेवा, पण डाव्या हेडला मशिन लावायची नाही. अंदाज माझा झाला आहे. तरी तुझ्या बावन्न-चोपन्नवर मी काही लिहून देणार नाही, स्वतः तेल सोडून बघेन आणि मग सांगेन. एक एप्रिलला पोरगं गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात उभं राहील. वहिनीला म्हणावं, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस, नि गुडघ्यावर बसून तर मुळीच नाही.

आता एक सांगते, कारण ते सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही, हेही माझं नशीबच. दुकानात लागताना मी मालकिणीला एक अट घातली होती. कापड दाखवीन, हिशेब बघीन, झाडूही मारीन, पण लोकांच्या घरी खिडक्या मोजायला जाणार नाही. तिला वाटलं, बाईला जिने झेपत नाहीत. मी तसंच वाटू दिलं. नऊ वर्षं मापं दुसरीच मुलगी घेत आली. तिची मापं चुकतात, पडदे अपुरे पडतात, गिऱ्हाइकं येऊन बडबडतात, आणि मी ताग्यांच्या मागे उभी राहून ऐकते नि मनात म्हणते, निदान ही चूक माझी नाही.

परवा ती मुलगी आजारी पडली. एका शिक्षिकेच्या घरी मोठी खिडकी होती, छतापासून जमिनीपर्यंत. मालकीण म्हणाली, उद्यावर ढकलू या. मी म्हटलं, टेप द्या इकडे. तिने मला दोनदा विचारलं.

बाईंच्या घरी स्टुलावर चढले. एकदा तशीच खाली उतरले, मग पुन्हा चढले. तुला खोटं कशाला सांगू. वरून टेप सोडली, खाली बाईंनी टोक धरलं. आकडा वाचला. पुन्हा वाचावासा वाटला, पण वाचला नाही. एकदाच वाचला, लिहिला आणि स्टुलावरून उतरले.

काल पडदा शिवून आला. लावायलाही मीच गेले. खालची किनार जमिनीला बरोबर टेकली. बाई म्हणाल्या, अगदी नेमकं झालंय. मी म्हटलं, हो, माझं माप आहे.

बारकी